एप्रिलचा पैसा

(दृश्य: विधानभवन, मुंबई)
मार्च महिना. अर्थमंत्री अर्थसंकल्प मांडतात, विभागवार मागण्यांवर मतदान होतं. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या नावापुढे वर्षभराच्या खर्चाचा आकडा छापला जातो. राज्यांनी आपल्या खर्चातले आठ टक्क्यांहून जास्त आरोग्यावर घालावेत, असं राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०१७ मध्ये सांगितलं. मुदत २०२० ची होती. महाराष्ट्र अजून तिथवर पोहोचलेला नाही.

(दृश्य: मंत्रालय, संगणकाचा पडदा)
सभागृहात मिळते ती खर्चाची मंजुरी. निधी त्यानंतर, टप्प्याटप्प्याने, ‘बीम्स’ या राज्याच्या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर येतो. तिथे तरतूद दिसली की बिल कोषागारात जातं. यातला बराच भाग पगारातच संपतो.

(दृश्य: आरोग्य भवन, सेंट जॉर्ज रुग्णालयाचं आवार)
दुसरी वाट दिल्लीहून येते. राष्ट्रीय आरोग्य अभियानात २०१५-१६ पासून केंद्राचे ६० टक्के, राज्याचे ४०. केंद्राचा हप्ता आधी राज्याच्या कोषागारात उतरतो, मग राज्याचा हिस्सा घालून इथे, अभियान चालवणाऱ्या राज्य आरोग्य सोसायटीकडे येतो. हिस्सा टाकायला राज्याने उशीर केला, तर केंद्राचा पुढचा हप्ताही अडतो. ही गाठ मुंबईतच सुटू शकते.

(दृश्य: प्राथमिक आरोग्य केंद्र, लसीचा फ्रीज)
आता हा फ्रीज बघा. आतला काटा दोन ते आठ अंशांच्या मध्येच हवा. सिस्टर सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहितात. लस केंद्र सरकार पुरवतं. पण वीज गेल्यावर जनरेटरला लागणारं डिझेल, इन्व्हर्टरची बॅटरी, गळणारा नळ, हे सगळं आरोग्य केंद्राच्या तुटपुंज्या निधीतून, हा निधी सांभाळणाऱ्या रुग्ण कल्याण समितीच्या सहीने होतं. साधारण तीस हजार लोकांमागे, आदिवासी भागात वीस हजारांमागे, असं एक केंद्र.

(दृश्य: आशाताई, हातात नोंदवही)
पैसा थकला की आशांचा मोबदला आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांचे पगार थकतात.

(दृश्य: कोषागार, बिलांचे गठ्ठे)
आणि मार्च उजाडला की उलटंच. वर्षभर अडलेला निधी शेवटच्या आठवड्यांत सुटतो, बिलांची झुंबड उडते. निविदा काढून, माल मागवून, तपासून घ्यायला तेवढे दिवस कुठून पुरणार? ३१ मार्चनंतर न वापरलेली तरतूद उरत नाही. निधी वाढवावा ही मागणी आहेच. पण मंजूर झालेल्यातला पहिल्या तिमाहीचा वाटा एप्रिलमध्येच सोडायला नवा पैसा लागत नाही, वित्त विभागाचा एक आदेश लागतो.