‘येतो’ म्हणणारी सिस्टर

मंडळी, पत्रिकेवर माझा विषय छापलाय तो असा : ‘दुसरी भाषा शिकणाऱ्यांच्या भाषेवर रजिस्टर आणि कृतिप्रकार यांचा परिणाम’. हे वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे एकतर पाऊस चुकवायला आलात, नाहीतर मुळातच चिवट आहात. रजिस्टर म्हणजे हजेरीचं नव्हे, हे आधीच सांगते. मागच्या खेपेला एका गृहस्थांनी भाषण संपल्यावर ‘सही कुठं करायची?’ म्हणून विचारलं होतं. कशाबद्दल, कोणाशी, आणि बोलून की लिहून, या तीन गोष्टींवरून भाषा जो वेश पालटते, ते रजिस्टर. ही तीन अंगं हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञाची. आणि कृतिप्रकार म्हणजे शिकणाऱ्याला दिलेलं काम कुठल्या जातीचं : चित्राचं वर्णन, निबंध, की गोष्ट सांगणं.

आत्ता मी ‘सांगते’ म्हणाले. घरी मी ‘सांगतो’ म्हणते. हसू नका, समोरच्या निम्म्या बायका तेच म्हणतात. कोल्हापुरात बाई ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणते आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माईक पुढं आला की मात्र आमची क्रियापदं पदर सावरून बसतात.

तर, संध्याकाळी मी बाहेरून आलेल्यांना मराठी शिकवते. बदलीवर आलेले बँकवाले, शिरोलीच्या फाउंड्रीतले कामगार, आणि केरळच्या नर्सेस. त्यातल्या एका सिस्टरची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. माझ्या घरच्यांना ती पाठ आहे, तुम्हीही सोसा. ही कोट्टायमची. मराठी शिकली ती वॉर्डात, राधानगरी-गगनबावड्याकडच्या पेशंटांकडून. सहा महिन्यांत ती ‘आज्जी, कुठं दुखालंय? हितं का तितं?’ असं विचारायला लागली. ‘मामा, हलू नगासा, सुई टोचतो.’ एका नातेवाइकानं तिला गाव विचारलं. ती म्हणाली, कोट्टायम. त्यानं विचारलं, ‘म्हंजे कागलच्या पुढं का?’

या बाईला नोकरीसाठी मराठीची एक परीक्षा द्यावी लागली. कुणाची, ते विचारू नका. तोंडी परीक्षेत बाजाराचं चित्र पुढं ठेवलं, वर्णन करा म्हणाले. सिस्टर म्हणाली, ‘हितं एक मामा गाजरं विकालाय. मी जातो, दर विचारतो, पण घेत नाही. सुकल्यात समदी.’ मला विचाराल तर पैकीच्या पैकी गुण! चित्रातल्या गाजरांवर इतकं जिवंत मत आजवर कुणी दिलं असेल? शेरा आला : ‘लिंगविचार कच्चा.’ म्हणजे आपल्या आयांनी-आज्यांनी जे हयातभर बोललं, ते परक्या बाईच्या तोंडात आलं की चूक!

लेखीचा निबंध होता ‘माझा आवडता ऋतू’. तिनं गाइडातून पाठ केलेलं ‘वसंताचे आगमन होताच’ चार ओळी लिहिलं आणि गाडी अडली. अडणारच. कोल्हापुरात वसंत कुणी बघितलाय? आपले ऋतू तीन : गुऱ्हाळाचा, वळिवाचा आणि पुराचा. सिस्टर नापास.

मी भांडले. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ पासून सुरुवात करून तीन पानी अर्ज दिला. उत्तर एका ओळीचं : ‘आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.’ याचं कोल्हापुरी भाषांतर ‘पुन्यांदा येऊ नगा’. बघा, हेही रजिस्टरच. करणारा कोण ते वाक्यात कुठं सापडत नाही.

आणि हीच सिस्टर रात्रपाळी संपताना वहीत काय लिहायची? ‘खाट ७. रात्री उलटी २ वेळा. सलाईन चालू. ताप उतरला.’ तेच आज्जीच्या नातवाला सांगताना : ‘आज्जी दोनदा उलटी काढल्या म्हणून डॉक्टर म्हणाले की सलाईन लावा, आणि ते लावल्यावर मग ताप उतरला बघा.’ रात्र एक, बाई एक. यातलं कुठलं मराठी तिचं? परीक्षेनं दोन्ही विचारलं नाही, विचारला वसंत.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं. मुख्य मुद्दा तर अजून पायऱ्यांवरच उभा आहे, त्याला आता ओढत आणते.

भाषाशास्त्रज्ञ एलेन टॅरोन यांनी १९७९ मध्येच शिकणाऱ्याच्या भाषेला सरड्याची उपमा दिली होती : काम बदललं की रंग बदलतो. १९८५ च्या अभ्यासात त्यांनी अरबी आणि जपानी मातृभाषेच्या माणसांचं इंग्रजी तपासलं. तृतीयपुरुषी क्रियापदाचा ‘एस’ व्याकरणाच्या चाचणीत जास्त बरोबर यायचा. पण ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदं गोष्ट सांगताना जास्त बरोबर! म्हणजे चाचणीत नीट आणि बोलताना ढिसाळ, एवढं ते सरळ नाही. गोष्ट सांगताना कोण, कुठला, आधी आलेला की नवा, हे ऐकणाऱ्याला कळावं लागतं, म्हणून ती उपपदं कामाला लागतात.

दुसरं. भाषेची प्रगती मोजायची एक जुनी पट्टी म्हणजे केलॉग हंट यांनी १९६५ मध्ये अमेरिकी शाळकरी मुलांच्या लेखनासाठी काढलेलं टी-युनिट : एक मुख्य वाक्य आणि त्याला लोंबकळणारी उपवाक्यं. ही पट्टी पुढं परभाषा शिकणाऱ्यांनाही लावली गेली. उपवाक्यं जास्त, तर लेखन प्रगत. बायबर, ग्रे आणि पूनपोन यांनी २०११ मध्ये या पट्टीवरच बोट ठेवलं. उपवाक्यांची गर्दी ही गप्पांची खूण आहे, शास्त्रीय लेखनाची गुंतागुंत नामांच्या गाठोड्यात असते. तुम्हाला वेगळा पुरावा नको, महापालिकेची नोटीस काढा : ‘थकीत घरफाळा वसुली पथक’. क्रियापद एकही नाही. हेच कट्ट्यावर सांगताना? ‘ज्यांनी घरफाळा भरला नाही, त्यांच्याकडनं तो गोळा करायला जी माणसं फिरत्यात, ती.’ जुन्या पट्टीनं कट्टा पहिला येतो आणि नोटीस नापास होते.

तिसरं, पळत पळत. कृतिप्रकारांवर काम करणारे दोन अभ्यासक, स्केहन आणि रॉबिन्सन. स्केहन म्हणतात, लक्ष मर्यादित आहे. काम अवघड झालं की अचूकपणा आणि गुंतागुंत यांतलं एक सुटतं. रॉबिन्सन म्हणतात, काम विचार करायला लावणारं असेल, तर दोन्ही वाढू शकतात. माझा कल रॉबिन्सनकडं, पण तो वॉर्डात बसून झालाय हे कबूल. आपल्या शेजारी बंगळूरला १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभूंनी शाळकरी मुलांना नकाशे आणि रेल्वेची वेळापत्रकं सोडवायला देऊन इंग्रजी शिकवलं. गाडी कुठली धरायची हे ठरवताना भाषा आपसूक येते, हा त्यांचा भरवसा. मराठी परीक्षेत असं का नको? केएमटीचं, म्हणजे आपल्या शहर बसचं, वेळापत्रक द्या, रंकाळ्याहून शिरोलीला साडेनऊच्या आत पोचायचं म्हणा. हो, बस वेळेवर येते असं धरून.

दुसरी चिठ्ठी. उठते. सिस्टरचं राहिलंच. दुसऱ्या खेपेला तोंडीत ती सगळीकडं ‘जाते’, ‘विचारते’ म्हणाली. निकाल लागल्यावर मला फोन आला, ‘मॅडम, पास झालो!’