जाळरेषेच्या अलीकडे, पलीकडे

[दृश्य: बोरिवली, राष्ट्रीय उद्यान. सकाळ. पाचोळ्यावरून चालणारे पाय.]

सागाची पानं, पळसाची पानं, वाळलेल्या करवीच्या काड्या. फेब्रुवारी निम्मा झाला की संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर असा पायाखाली चुरचुरायला लागतो.

[दृश्य: उतारावरचा काळा पट्टा. गवत पेटवणारे वनमजूर.]

हा रस्ता नाही, जाळरेषा आहे. पावसाळा सरला की वनमजूर इथलं गवत कापतात, वाळू देतात आणि वारा पडलेला बघून स्वतःच पेटवतात. दोन्ही कडांना माणसं, हातात हिरव्या फांद्या. ज्योत पट्टा सोडून जरा जरी सरकली, की फांदीचा फटका. वणवा आलाच तर या काळ्या पट्ट्याशी उपाशी मरावा, एवढाच हिशोब. हे 15 फेब्रुवारीच्या आत उरकायचं; तिथून 15 जूनपर्यंत आगीचा हंगाम. मग पाचोळा रोज पडतो, रोज झाडावा लागतो. पाचोळा उडवणारे ब्लोअर आलेत खरे, पण हा चढ ते पाठीवर घेऊन चढून बघा.

[दृश्य: वनरक्षकाच्या हातातला मोबाइल.]

आगीचा इशारा आता भारतीय वन सर्वेक्षणाकडून येतो, उपग्रहावरून. त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा सुमारे 375 मीटरचा चौकोन. आत आग नेमकी कुठं, ते पायांनीच शोधायचं.

[दृश्य: उद्यानाची भिंत, पलीकडे इमारती.]

भिंतीबाहेरच्यांचं काय? भारतीय वन अधिनियम, 1927. कलम 79. राखीव वनाला लागून असलेल्या गावातला सरकारी नोकर, किंवा गावकामासाठी सरकारी मानधन घेणारा, वनगुन्ह्याची माहिती असली तर ती लगेच वनाधिकाऱ्याला किंवा पोलिसांना द्यायला बांधील आहे. नुसती खबर देऊन सुटका नाही. जंगलात आग लागल्याचं कळलं, की ती विझवायला स्वतः हात लावायचा, कुणी बोलावलं नाही तरी. आणि बाहेर लागलेली आग आत शिरू द्यायची नाही.

कायद्यातला शब्द आहे ‘गाव’. इतर जिल्ह्यांत गावाला पोलीस पाटील असतो. इथं गोरेगावच्या नावात गाव आहे, तेवढंच. या इमारतींमधल्या कुठल्या सरकारी नोकराला हे कलम लागू होतं, हे त्याला कोण सांगणार? एका पानाच्या परिपत्रकाचं काम आहे.

कसूर झाली तर मूळ कायद्यात महिन्यापर्यंत कैद, किंवा 200 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

[दृश्य: गोरेगाव पूर्व, टेकडीचा पायथा.]

3 डिसेंबर 2018 च्या संध्याकाळी ही टेकडी पेटली. बंबांना वर वाट नव्हती. जवान, वन कर्मचारी, स्वयंसेवक पायी चढले. आग सकाळपर्यंत चालली.

[दृश्य: सायंकाळ. चढावर वनरक्षक, हातात फांदी. निवेदन थांबते, पाचोळ्याचा आवाज.]