मुंगसाला नागाचं विष का चढत नाही?

नमस्कार मंडळी! मुंगूस नागाशी भांडताना मधेच पळत जातं, मुंगूसवेलीचं मूळ चावतं आणि परत येऊन नागाला लोळवतं, ही गोष्ट गावाकडे तुम्ही ऐकलीच असेल. तर तसं काही नसतं. मुंगसाचं संरक्षण त्याच्या जीन्समध्ये आहे, जन्मापासून, आणि ते कसं चालतं हे कळलं ना की खरंच थक्क व्हायला होतं.

आधी विष काय करतं बघू. हात हलवायचा असेल तर मज्जातंतूच्या टोकातून ॲसिटिलकोलिन नावाचं छोटंसं केमिकल निघतं, ते स्नायूवरच्या रिसेप्टरला, म्हणजे त्याला पकडणाऱ्या प्रोटीनला, चिकटतं आणि स्नायू आखडतो. नागाच्या विषातलं न्यूरोटॉक्सिन, म्हणजे मज्जातंतूंचं काम बिघडवणारा घटक, नेमकं त्याच रिसेप्टरवर जाऊन बसतं, एसटीच्या सीटवर कुणीतरी भलं मोठं बोचकं ठेवावं तसं, मग ॲसिटिलकोलिनला जागाच उरत नाही, पापण्या जड होतात, बोलता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थांबतात.

१९९२ मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी मुंगसाचा हा रिसेप्टर तपासला, त्यांनी तिकडचं इजिप्शियन मुंगूस घेतलं होतं. अमिनो ॲसिड म्हणजे रिसेप्टर ज्यांच्या ओळीने बनतो ते छोटे घटक, आणि विष जिथे चिकटतं तिथलीच मोजकी अमिनो ॲसिड बदललेली निघाली! त्या ओळीतल्या १८७ व्या जागेवर साखरेची एक साखळी लटकलेली असते, विषाचा रेणू मोठा असल्यामुळे तो तिथेच अडतो आणि ॲसिटिलकोलिन इवलंसं, ते आरामात आत जातं. म्हणजे विष बाहेर आणि स्नायूचं काम नेहमीसारखं चालू.

आता हे मुंगसाने चावे खाऊन खाऊन कमावलेलं नाही हं, हे नीट लक्षात घ्या. कधीतरी एखाद्या पिल्लाच्या डीएनएमध्ये आपोआप बदल झाला, आणि जो प्राणी साप खायला जातो त्याच्यात असा बदल म्हणजे जीव वाचणं, जी वाचली त्यांचीच पिल्लं वाढली, बाकीची गेली. तरी भरपूर विष अंगात गेलं तर मुंगूससुद्धा मरू शकतं, म्हणून ते चपळाईने चावा चुकवतच लढतं.

आपल्या रिसेप्टरवर ती साखर नाही आणि कुठलंही मूळ चघळून ती येणार नाही. साप चावला तर मुळी, मंत्र यात एक मिनिट घालवू नका प्लीज, थेट हॉस्पिटल गाठा, औषध एकच, अँटीव्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन.

आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे. २०१५ च्या एका अभ्यासात हनी बॅजर हा छोटा शिकारी प्राणी, अंगावर काटे असलेला हेजहॉग आणि डुक्कर या तिघांमध्ये त्याच १८७ व्या जागेवर बदल सापडला, फक्त साखरेऐवजी तिथे पॉझिटिव्ह चार्जचं अमिनो ॲसिड आहे, विषही पॉझिटिव्ह, त्यामुळे ते दूर ढकललं जातं. या तिघांचं एकमेकांशी जवळचं नातं नाही, प्रत्येकात हा बदल वेगवेगळा घडलाय! बरं, खुद्द नागाला स्वतःचं विष का लागत नाही? इजिप्शियन नागाच्या रिसेप्टरवरही साखरेचीच साखळी निघाली, १८९ व्या जागेवर, मुंगसापेक्षा फक्त दोन घरं पुढे.