थेंबाची कड

श्रोतेहो, नमस्कार.

काटोलला माझ्या मामांची संत्र्याची बाग आहे. फवारणीच्या दिवशी मामा पंपात औषधाबरोबर स्टिकर नावाचं थोडं द्रव ओततात. "हे कशाला?" असं मी एकदा विचारलं. "नुसतं पाणी मारून पाह्य ना बे," मामा म्हणाले. मारलं. मेणचट पानावर पाण्याचे मणी झाले आणि पान हललं की टपाटप खाली पडले. स्टिकरचं पाणी मात्र पानभर पसरून बसलं.

मणी होणार की पसरणार, याचा हिशोब शास्त्रज्ञ थॉमस यंग यांनी १८०५ साली मांडला. थेंबाच्या कडेवर तीन ताण खेचाखेची करतात: पान आणि हवेमधला, पान आणि पाण्यामधला, पाणी आणि हवेमधला. त्यांचा मेळ बसतो तो स्पर्शकोनावर, म्हणजे थेंबाची कड पानाशी जो कोन करते त्यावर. शेवटचा ताण शुद्ध पाण्यात सुमारे ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. स्टिकर तो उतरवतं आणि कोन लहान होतो.

पण हे झालं थांबलेल्या थेंबाचं. पसरणारा थेंब घ्या, की गणित अडतं. नळातल्या पाण्याला आपण एक नियम लावतो: भिंतीला टेकलेला थर हलत नाही. थेंबाची कड तर डोळ्यांदेखत सरकते! ह्यू आणि स्क्रिव्हेन या संशोधकांनी १९७१ मध्ये हा नियम कडेला लावून पाहिला, तर लागणारा जोर अनंत निघाला. म्हणजे कागदावर मामांचं औषध केसभरही पसरायला नको.

तोड अशी काढतात, की अगदी कडेशी, नॅनोमीटरच्या अंतरात, द्रवाला जरा घसरू द्यायचं. दुसरी तोड म्हणजे कडेच्या पुढे एक अदृश्य पातळ थर आधीच पोचलाय असं धरायचं. मला मौज वाटते ती ही, की कुठलीही तोड घेतली तरी पसरण्याच्या वेगाचं उत्तर फारसं हलत नाही.

तो वेग १९७९ मध्ये टॅनर यांनी सांगितला. काचेवर पूर्ण पसरणाऱ्या घट्ट तेलाच्या इवल्या थेंबाची त्रिज्या वेळेच्या एक-दशांश घाताने वाढते, म्हणजे ती दुप्पट व्हायला वेळ सुमारे हजारपट लागतो. समजा, पहिल्या सेकंदाला ती अर्धा मिलिमीटर आहे. एक मिलिमीटर व्हायला सतरा मिनिटं लागतील. आणि दोन व्हायला? बारा दिवस. मोठ्या थेंबाला स्वतःचं वजनही ढकलतं, तिथे आकडा थोडा बदलतो.

नागपूरच्या मे महिन्यात पाण्याच्या थेंबाला बारा दिवस कोण देतो म्हणा! संत्र्याचं एक पान मी धरमपेठेत घरी आणलं, त्यावर बोर्डो मिश्रणाचा, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या औषधाचा, थेंब सोडला आणि खिडकीत ठेवलं. कड जागच्या जागी अडकली. पाणी कडेकडूनच जास्त उडत होतं, ती तूट भरायला आतलं पाणी बाहेर धावत होतं, आणि जाताना औषधाचे कण ओढून नेत होतं. थोड्याच वेळात पानावर एक निळसर कडं उरलं, मधोमध जवळपास कोरं.