गाडी घरी खोलायची तर पुस्तक कोणतं घ्यायचं

नमस्कार मंडळी. आज मोटरसायकलबद्दल बोलूया, म्हणजे घरच्या घरी सर्व्हिसिंग शिकायचं असेल तर पुस्तक कोणतं घ्यायचं त्याबद्दल. पाना कुठला घेऊ, ऑइल कुठलं टाकू हे सगळे विचारतात, पुस्तकाचं फारसं कोणी विचारत नाही, आणि माझं नुकसान झालं ते नेमकं पुस्तकापायीच.

वडिलांची जुनी स्प्लेंडर होती, तिचं ऑइल बदलायला बसलो होतो. हाताशी एक जाडजूड पुस्तक, सगळ्या दुचाकी एकातच. त्यात लिहिलेलं, ऑइल काढा, ड्रेन बोल्ट परत लावा आणि घट्ट आवळा. आता घट्ट म्हणजे किती? मी लांब दांड्याचा पाना घेऊन आवळत गेलो, आवळत गेलो, आणि एकदम हात हलका झाला, बोल्ट नुसताच गोल फिरायला लागला. बोल्ट स्टीलचा, इंजिनाचं क्रँककेस अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे आटे गेले ते इंजिनाचे गेले. लेथवाल्याकडे नेऊन हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवली तेव्हा कुठे ऑइल गळायचं थांबलं.

तेव्हापासून कुठलंही मॅन्युअल हातात आलं की मी आधी टॉर्कचा तक्ता शोधतो. कुठला बोल्ट किती आवळायचा याचे आकडे नसतील तर ते पुस्तक वाचायला ठीक आहे, त्याच्यावर भरवसा ठेवून इंजिनाला हात लावू नका. आणि एकक नीट बघा हं, जुन्या मॅन्युअलमध्ये आकडे किलोग्रॅम-मीटरमध्ये असतात, आपल्या टॉर्क रेंचवर (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) बहुतेक न्यूटन-मीटर असतं, आणि १ किलोग्रॅम-मीटर म्हणजे जवळपास ९.८ न्यूटन-मीटर.

आता प्रकार बघा. गाडीबरोबर मिळतं ते ओनर्स मॅन्युअल, ऑइल कधी बदलायचं, हवा किती, चेन किती ढिली ठेवायची, फ्यूज कुठे, एवढं त्यात असतं आणि पहिलं वर्ष तेवढं पुरतं. दुसरं सर्व्हिस मॅन्युअल, हे कंपनी आपल्या वर्कशॉपसाठी काढते, यात टॉर्क, झिजेची मर्यादा, वायरिंगचा नकाशा, मॅग्नेट (इंजिनाबरोबर फिरणारं चुंबकाचं चाक) काढायला कुठला पुलर, म्हणजे ओढून काढायचं हत्यार, लागतो ते सगळं. पण ते शिकलेल्या फिटरसाठी लिहिलेलं असतं त्यामुळे ‘का’ ते सांगत नाही, ‘का’ समजून घ्यायचं तर आयटीआयच्या टू व्हीलर मेकॅनिक ट्रेडची पुस्तकं चाळा, क्लच, कार्ब्युरेटर, ब्रेक सगळं पायापासून असतं. तिसरं पार्ट्स कॅटलॉग, याकडे कोणी बघतच नाही आणि मला विचाराल तर नवशिक्याला सगळ्यात जास्त उपयोग याचाच, कारण प्रत्येक भाग सुटा करून ओळीने काढलेला असतो, जोडताना एक वायसर हातात उरला तर तो कुठला ते लगेच सापडतं, आणि पार्ट नंबर लिहून नेला की पुण्यात नाना पेठेत स्पेअरच्या दुकानात ‘तसला तो गोल असतो ना’ असं सांगावं लागत नाही. हेन्स, क्लायमर ही मॅन्युअल काढणाऱ्या बाहेरच्या प्रकाशकांची नावं ऐकली असतील, फोटो सुंदर असतात, पण ती मुख्यतः तिकडे विकल्या जाणाऱ्या गाड्यांची, आपल्या रोजच्या १०० सीसीच्या गाडीसाठी त्यांच्यावर पैसे घालू नका.

मॉडेलचं नाव जुळलं म्हणून पुस्तक जुळलं असं धरू नका. स्प्लेंडर १९९४ पासून रस्त्यावर आहे, नाव तेच, पण एप्रिल २०२० ला बीएस-६ हा प्रदूषणाचा नवा नियम आला आणि कार्ब्युरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं, मग जुन्या पुस्तकातला कार्ब्युरेटरचा अख्खा धडा नव्या गाडीला निरुपयोगी. आरसी बुकात उत्पादनाचा महिना-वर्ष असतं, ते बघूनच मॅन्युअल शोधा.

घेण्याआधी एकच पान वाचा, टॅपेटचं. गॅरेजात टॅपेट म्हणतात त्याला पुस्तकात व्हॉल्व्ह क्लिअरन्स म्हणतात, म्हणजे व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातली फट, तसंच सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर, सायलेन्सर म्हणजे मफलर, हे शब्द माहीत नसले तर अनुक्रमणिकेतच माणूस हरवतो. तर त्या पानावर इंजिन पूर्ण थंड पाहिजे असं लिहिलंय का बघा. मॅग्नेटवरची ‘टी’ची खूण जुळवा एवढं सांगून सोडलंय, की पुढेही काही आहे? कारण फोर स्ट्रोकमध्ये ती खूण दोनदा येते, एकदा कॉम्प्रेशनला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात तेव्हा, आणि एकदा एक्झॉस्टला, म्हणजे धूर बाहेर जातो तेव्हा, आणि टॅपेट सेट करायचे ते कॉम्प्रेशनला, तेव्हा दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात. एवढं ज्याने लिहिलंय त्याने गाडी समोर उघडून लिहिलंय. ‘टॅपेट सेट करा’ एवढंच असेल तर पुस्तक परत ठेवा.

आणि घेतलं की मूळ पुस्तक गाडीजवळ नेऊ नका, ज्या कामाला बसणार त्या पानांची झेरॉक्स काढून भिंतीला चिकटवा, तेलकट हात त्यालाच लागू देत. वडिलांच्या ओनर्स मॅन्युअलच्या कडेला पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेलं आहे, चेन ताणली, प्लग बदलला, पुढे किलोमीटर. आता त्याच्याखाली माझं अक्षर सुरू झालंय.