रेझिनमधून उभा राहणारा इम्पेलर

(दृश्य: नागपूरजवळची हिंगणा एमआयडीसी, मे महिन्यातली दुपार. खिडक्यांवर पिवळी फिल्म.)

बाहेर पारा 45 अंशांवर. या खोलीत मात्र उन्हाचा कवडसाही चालत नाही. टाकीत रेझिन, म्हणजे प्रकाशानं घट्ट होणारं द्रव प्लास्टिक, भरलंय; उन्हातले अतिनील किरण त्यावर पडले, तर ते जागच्या जागी घट्ट होईल.

आज इथे पंपाचा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं फिरतं चक्र, बनतोय. उमरेड, कामठीच्या कोळसा खाणींत पाणी सतत उपसावं लागतं, आणि पंपाचा सगळा जोर इम्पेलरच्या वळणदार पात्यांवर. दोन्ही बाजूंनी झाकलेल्या, बंद इम्पेलरची पाती अखंड तुकड्यातून कोरणं महाकठीण. हत्यार आत पोचतच नाही.

इथे कोरायचं काहीच नाही.

(दृश्य: रेझिनच्या टाकीवर कॅमेरा स्थिर.)

कॉम्प्युटरमधल्या मॉडेलचे आधी आडवे काप पाडतात. एकेक काप लेसर रेझिनवर गिरवतो. किरण पडला, की रेझिनमधला फोटोइनिशिएटर, म्हणजे प्रकाशानं ही क्रिया सुरू करणारं रसायन, तुटतो, रेणू एकमेकांना जोडले जातात आणि तेवढीच जागा घट्ट होते. मग प्लॅटफॉर्म थरभर खाली उतरतो, मशीनचं पातं नवं रेझिन सपाट पसरवतं, पुन्हा लेसर. 0.1 मिलिमीटरचा थर धरला, तर 5 सेंटिमीटर उंचीला 500 थर. कितीही वेळा पाहिलं तरी नजर हटत नाही.

या तंत्राला स्टिरिओलिथोग्राफी म्हणतात. अमेरिकेत चक हल यांनी 1984मध्ये अर्ज केला, 1986मध्ये पेटंट मिळालं. पण त्याआधी, 1980मध्ये, जपानच्या नागोया शहरात हिदेओ कोदामांनी रेझिनचे थर प्रकाशानं घट्ट करून वस्तू घडवायची पद्धत मांडली होती. त्यांच्या पेटंट अर्जाची पुढची प्रक्रिया मुदतीत झाली नाही. इंजिनिअरिंगच्या प्रत्येक वर्गात त्यांचं नाव घेतलं जायला हवं.

(दृश्य: हातमोजे घातलेले हात.)

इम्पेलर बाहेर आला. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं धुतला, आधाराच्या काड्या कापल्या, अतिनील दिव्याखाली पक्का केला. हा खाणीत चालणार नाही. हे प्लास्टिक ठिसूळ, उन्हात पिवळं पडणारं. त्याचं काम आत्ता, या टेबलावर आहे.

व्हर्नियर लावला. शाफ्ट बसायचं भोक, म्हणजे बोअर, घट्ट येतोय. डिझायनर ताई मॉडेलमधलं माप बदलतात. खऱ्या इम्पेलरच्या ओतकामाचा साचा अजून बनलेला नाही.