रोज बुडवणारा ताप

मित्रहो, कोरोनाच्या लसीबद्दल आपल्या मराठवाड्यात जी धास्ती होती, तिचे कारण विचारले की शिकलेला माणूस एका शब्दात उत्तर देतो : अडाणीपणा. त्या काळात बीड जिल्ह्यातील गावे आणि तांडे मी आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर हिंडलो आणि तेव्हापासून हे उत्तर मला पटत नाही. या सभागृहात साठी ओलांडलेले जे श्रोते आहेत, त्यांतील बहुतेकांच्या दंडावर देवीच्या लसीचा व्रण असेल. ज्या रोगालाच आपण देवी म्हणत होतो आणि ज्याच्यापुढे हात जोडत होतो, त्या रोगाविरुद्ध याच गावांनी दंड पुढे केले आणि १९७५ नंतर देश त्यातून मोकळा झाला. पोलिओचे दोन थेंब पाजण्यासाठी याच गावांतल्या आया लेकरे कडेवर घेऊन आल्या, आणि २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. मग २०२१ मध्येच हा अडाणीपणा कुठून उगवला?

मला फरक दिसतो तो असा. गावाला लेकरांची लस ठाऊक होती, गरोदर बाईचे धनुर्वाताचे इंजेक्शन ठाऊक होते. धडधाकट, कमावत्या माणसाने टोचून घ्यायचे, ही रीतच नव्हती. लस घेतलेल्या लेकराला ताप आला तर आई रात्रभर उशाशी बसते आणि सकाळी तो उतरतो. कमावत्या माणसाला ताप आला, तर दुसऱ्या दिवशीचा रोज बुडतो. सोयाबीनच्या काढणीच्या दिवसांत एका बाईने आम्हाला विचारले होते, "घेते म्या डोस, पण उद्या अंगात कणकण आली तर माझ्या जागी काढणीला तुम्ही येता का?" याला अफवा म्हणता येत नाही. लसीनंतर एखाद-दोन दिवस ताप येऊ शकतो, कारण शरीर त्या विषाणूची खूण ओळखून प्रतिकाराची तयारी करत असते, हे आपण तिला सांगू शकतो आणि सांगायलाच हवे. परंतु ते सांगून तिचा बुडालेला रोज भरून येत नाही. पगारी नोकराने लसीच्या दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि पांघरूण घेऊन पडून राहिला. हा फरक आपल्या प्रचाराच्या एकाही फलकावर मला दिसला नाही.

आता अफवांकडे येतो, कारण त्याही होत्याच. लस घेतलेला माणूस दोन वर्षांत मरतो, पुरुषत्व जाते, पाळीच्या दिवसांत बाईने घेऊ नये, असे बरेच काही मोबाइलवरून फिरत होते. त्यांतील बहुतेक गोष्टी ऐकून लोक विसरतही होते. मनात घर करून बसली ती डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट. पंचेचाळीस वर्षांवरील सर्वांना लस सुरू झाली १ एप्रिल २०२१ रोजी, आणि दुसरी लाट आपल्याकडे ऐन भरात होती तीही त्याच महिन्यात. लसीचे संरक्षण अंगी येण्यास साधारण दोन आठवडे लागतात. टोचून घेणाऱ्यांपैकी काहींच्या अंगात विषाणू आधीच शिरलेला होता, काहींना तो नंतरच्या आठवड्यात गाठून गेला, आणि केंद्रावरच्या गर्दीतही तो कोणाला लागला नसेल असे म्हणवत नाही. गावाने पाहिले ते एवढेच, की अमक्याने सोमवारी सुई घेतली, शुक्रवारी त्याला धाप लागली आणि पुढच्या आठवड्यात तो गेला. आधी काय आणि नंतर काय, यावरून कारण ठरवणे हा माणसाचा जुना स्वभाव आहे. शेतकरी तर त्यावरच पेरणी करतो. ज्या घरातून माणूस गेला, त्या घराला कोणी जाऊन हा दोन आठवड्यांचा हिशेब समजावला का? माझ्या पाहण्यातल्या गावांत फार थोड्या ठिकाणी. त्या घराचे दुःख मग गल्लीचे मत झाले.

याच लोकांनी मे महिन्यात पहाटेपासून रांगा लावल्या, हे मात्र आपण विसरतो. तेव्हा लस नव्हती. टोकन संपले म्हणून माणसे उन्हातून परत फिरली. अठरा वर्षांवरील तरुणांसाठी नोंदणी ऑनलाइन होती आणि खेड्यातल्या केंद्रावर शहरातून गाडी करून आलेली मुले डोस घेऊन जात होती. नंतर साठा आला, तोवर लाट ओसरली होती, भीती ओसरली होती, आणि रिकाम्या हाताने परतलेला माणूस पुन्हा यायला तयार नव्हता.

नोव्हेंबरात औरंगाबाद जिल्ह्यात किमान एक डोस घेतल्याशिवाय रेशन, गॅस आणि पेट्रोल मिळणार नाही, असा आदेश निघाला. तिसऱ्या लाटेचे भय होते, प्रशासनाची घाई मी समजू शकतो. तरीही गहू-तांदळासाठी पुढे केलेला दंड आणि पटले म्हणून पुढे केलेला दंड यांत मी फरक करतो, आणि रेशन तर गरिबाच्या हक्काचे आहे.

आणखी एका नकाराची नोंद चुकीची झाली, असे मला वाटते. कोव्हिशील्डच्या दोन डोसांतील अंतर मे २०२१ पासून बारा ते सोळा आठवडे झाले होते. दसरा संपला की आपले ऊसतोड कामगार बैलगाड्या आणि लेकरे घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. सप्टेंबरात पहिला डोस घेतलेल्या जोडप्याची दुसऱ्या डोसाची पाळी आली तेव्हा ते दोघे कुठल्यातरी उसाच्या फडात होते. गावातल्या यादीत त्यांच्या नावापुढे मात्र ‘टाळाटाळ’.

एका तांड्यावर दोन वेळा आमची गाडी तशीच परत आली. तिसऱ्या वेळी तिथल्या आशाताईंनी आम्हाला दिवसा येऊच नका म्हणून सांगितले. या त्याच आशा, ज्यांना जून २०२१ मध्ये मानधनासाठी राज्यभर संप करावा लागला होता. माणसे कामावरून परतल्यावर, चुली पेटल्यावर त्यांनी आम्हाला बोलावले. ताप येईल हे त्यांनी सुई टोचण्याआधीच सांगितले, प्रत्येकाच्या हातावर पॅरासिटामॉलच्या गोळ्या ठेवल्या, आणि एका घरातल्या नवरा-बायकोला एकाच दिवशी डोस द्यायचा नाही, म्हणजे एकाचा तरी रोज राहील, असे ठरवून टाकले. त्या रात्री फक्त नऊ जणांनी घेतला. दुसऱ्या दिवशी उजाडताच ताई नऊही घरी कपाळाला हात लावून पाहून आल्या. चार दिवसांनी त्यांचा निरोप आला, की येताना डोस जास्तीचे आणा, उरलेली माणसे विचारायला लागली आहेत.